पलीकडचं बाकडं

नंदुरबारच्या खेळभवनाच्या दाराशी एक संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर माझं नाव आहे. जिल्ह्यातली पहिली खेळपेटी मी बनवली आणि तिच्या तारा अशा काही जोडल्या की बंदोबस्त कचेरीचा साहेब भर आखाजीच्या दिवशी तोंडघशी पडला, असं तिथे कोरलेलं आहे. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पेटी तिघांनी बनवली आणि त्यात माझा वाटा सगळ्यात लहान होता. तारा मी जोडल्या हे खरं, पण त्या साहेबासाठी जोडल्या. त्याला तोंडघशी पाडलं ते माझ्या आत्याने, माझ्या तारा असूनसुद्धा. मुलगा म्हणतो, बाबा, आता या वयात कशाला उकरताय, लोक मान देतात तो घ्या. मान मी पुष्कळ घेतला. आता हे वाचून झाल्यावर ज्याला पाटी ठेवायची त्याने खुशाल ठेवावी, पण तिच्या शेजारी ही पानंही लावावीत.

मुंबई गेली तेव्हा मी शाळेत होतो. त्या युद्धाला आमच्याकडे कुणी युद्ध म्हणत नसे. 'मुंबई गई' एवढंच म्हणत, जशी एखाद्या घरची म्हातारी जाते. मग सुरत गेल्याचं कळलं, मग काही कळेनासंच झालं, कारण कळवणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यावर बॉम्ब टाकावा असं काही नव्हतंच, म्हणून आम्ही राहिलो. त्यानंतर बरेच दिवस सूर्य कल्हई उडालेल्या ताटासारखा दिसायचा. कापूस आधी बोंडातच काळा पडला आणि पुढे बरा यायला लागला तेव्हा तो घ्यायला गिरण्या नव्हत्या. वरचं सरकार नाहीसं झालं, तशी तापी हीच हद्द झाली. दक्षिण काठावर नंदुरबारची बंदोबस्त कचेरी, उत्तर काठावर शहाद्याची कमिटी. आमचं गाव दक्षिण काठावर अगदी पाण्याला लागून. समोरच्या गावात माझी मावशी, माझी मोठी बहीण आणि आईचं सगळं माहेर. कचेरीने होड्या बंद केल्या. सुरुवातीला कारण सांगितलं की पाणी तपासायचं आहे. पाणी कधीच तपासून झालं, आम्ही ते प्यायलाही लागलो, पण होड्या बंदच राहिल्या.

त्या दिवसांची चव विचाराल तर अळणी. आमच्याकडे मिरचीला तोटा नव्हता. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल चादरीसारख्या पसरलेल्या असत आणि व्यापारी नसल्याने ती कुणीही न्यावी. पण मीठ समुद्रावरून यायचं आणि समुद्राकडचा रस्ता बंद होता. आई केळीचे खुंट वाळवून जाळायची, ती राख पाण्यात कालवून गाळायची आणि त्या पाण्यात डाळ शिजवायची. डाळीला खारट चव यायची खरी, पण जिभेवर साबण फिरवल्यासारखं व्हायचं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर मिरचीचा ठेचा आणि तो ठेचा अळणी. वडील पहिला घास घेऊन नेहमी थोडा वेळ थांबत, जणू चव मागून येणार आहे. कचेरी महिन्यातून एकदा गावाला मीठ द्यायची, घरटी एक लहान पिशवी. आई ती देवघरात ठेवायची. मी अजूनही ताटात मीठ आधी वाढून घेतो. सून हसते.

पेट्यांचा धंदा सुरू झाला तो एका मालगाडीमुळे. मुंबई जाण्याच्या थोडं आधी टेलिफोनचं सामान आत कुठेतरी सुरक्षित हलवायला म्हणून काढलं होतं, ती गाडी चिंचपाड्याच्या यार्डात येऊन उभी राहिली आणि तिथेच राहिली. खोकी भरून रिले, बॅटऱ्या, चिमुकले दिवे, घंट्या, मैलभर तार. सामानासोबत टेलिफोन खात्याच्या नाडकर्णीबाई होत्या. त्यांना परत जायला मुंबईच नव्हती. बारीक चणीच्या, पांढरं पातळ नेसणाऱ्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. कचेरीने त्यांना नंदुरबारात मिरचीचं एक रिकामं गोदाम दिलं आणि सांगितलं, टेलिफोन सुरू करा. पण टेलिफोन कुणाला करणार? म्हणून बाईंनी रिले जोडून बेरजा करणारं यंत्र बनवलं. रिले म्हणजे तारेने ओढली जाणारी पत्र्याची जीभ, चिकटते किंवा सुटते, बस. पण अशा शेकडो जिभा एकमेकींना जोडल्या की त्या मोजतात, लक्षात ठेवतात, ठरवतात. यंत्र चालू झालं की परातीत हरभरे ओतल्यासारखा आवाज यायचा. बॅटऱ्या भरायला जिनिंगचं जुनं ऑइल इंजिन होतं, ते टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलावर चालायचं. सगळ्या गल्लीत दिवसभर मोहाचा तळणीसारखा वास. लाकूडकाम आणि पत्राकाम युसुफमामांचं. ते शहरातले जुने कारागीर, माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांच्या ओळखीने मी तिथे लागलो, तारा सोलायला आणि झाळायला.

मिरचीच्या गोदामात यंत्र ठेवणं ही मोठी चूक होती. कितीही झाडलं तरी तुळयांवरून बारीक तिखट झरत राहायचं आणि रिलेच्या जिभांवर बसायचं. यंत्र मध्येच भलतंच उत्तर द्यायचं. बाई स्पिरिटने पुसत बसत, शिंकत, पुन्हा पुसत. युसुफमामा म्हणायचे, "बाई, तुमचं यंत्र बी आपल्यासारखं शिंकतंय. माणसात आलं." बाईंना ते आवडायचं नाही. बेरजेच्या यंत्राने शिंकून चालत नाही.

खेळ काढला तो रुखमाआत्याने. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, विधवा, आमच्याच घरी असायची. गोदामात ती माझा डबा घेऊन यायची आणि लवकर जायची नाही. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि आमच्या दोन गावांच्या बाया त्या दिवशी तापीच्या दोन काठांवर उभ्या राहून बार खेळत. इकडून तिकडे दगड, तिकडून इकडे दगड आणि दगडापेक्षा जड शिव्या, सगळ्या गाण्यात आणि यमकात. शिवी नाव घेऊन द्यायची. जिला लागली तिने तिथल्या तिथे उलट कडवं रचायचं. दगड किती लागले हे कुणी मोजत नसे. ज्या शिवीला उत्तर आलं नाही, ती बाजू हरली. आणि दुसऱ्या दिवशी, जिच्यावर सगळ्यात जड शिवी पडली तिच्या दारात शिवी देणारीने आंब्याची पाटी पाठवायची. ती पाटी घेतली की राग संपला, पण पुढच्या आखाजीला उत्तर द्यायचं राहिलं. आमच्या काठावर रुखमाआत्यापुढे टिकणारी बाई नव्हती. होड्या बंद झाल्या तसा बारही बंद झाला. काठावर जमायलाच मनाई होती.

एक दिवस आत्या दिव्यांची ओळ बघत उभी होती. बाई तपासणी करत होत्या आणि उजेड एका दिव्यातून दुसऱ्यात सरकत जात होता. आत्याने विचारलं, "बाई, हाऊ दिवा नदी वलांडी जास का?" बाईंना कळेना. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाईल. पण पलीकडे कुणी झेलणारं हवं."

अशी ती पेटी झाली. मध्ये दिव्यांची लांब ओळ, ती तापी. दोन टोकांना दोन बाकडी. बाकड्यावर बसणारीने दांडी दाबली की तिचा दगड, म्हणजे उजेड, दिव्यादिव्याने पलीकडे चालत जायचा. तो शेवटच्या दिव्यावर आला की समोरचीने नेमकी आपली दांडी दाबायची. चुकली तर घंटा वाजायची आणि तिच्या डोक्यावर लाल बत्ती लागायची. मोजणं, लक्षात ठेवणं, पाळी कुणाची ते ठरवणं, सगळं रिले करायचे. आज ज्याला मुलं कॉम्प्युटर गेम म्हणतात, त्याचं आमच्याकडचं मूळ एवढंच आहे. कधीकधी उजेड मधल्याच दिव्यावर मरायचा. मिरचीची करणी. बाई ते दुरुस्त करायला निघाल्या तेव्हा आत्याने त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. दगड काय नेहमी पोचस? निम्मा पानीमा पडतस." त्यानंतर युसुफमामा प्रत्येक नव्या पेटीत चिमूटभर तिखट स्वतःच्या हाताने फुंकायचे. बाईंनी पुसणं सोडून दिलं आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पेट्या बाजाराला जाऊ लागल्या. गोदामात एकीच्या चार झाल्या, मग ओळ लागली. शेजारच्या गल्लीतही दोघांनी धंदा काढला, त्यांच्या पेटीत बैलांची शर्यत होती. चिंचपाड्याकडच्या डोंगरातल्या बाजारांना जीप जाई तिथपर्यंत जीपने, पुढे खांद्यावर. एका खेळाला मूठभर ज्वारी किंवा मोहाची फुलं. तिथे डोंगरातल्या बायांनी बाराची गाणी ऐकली आणि आपल्या बोलीत आपली रचली, आम्हाला एक अक्षर कळत नसे, पण कुणाला लागली ते चेहऱ्यावरून कळायचं. यंत्र दिवे मोजायचं आणि माणसं गाणी मोजायची. बाईंनी ते ओळखलं होतं. त्या म्हणायच्या, आपण अर्धाच खेळ बनवलाय, आणि तेच बरोबर आहे.

मग कचेरीचा नवा साहेब आला. तो लांबचा, पुस्तकी मराठी बोलणारा, कडक इस्त्रीचा, आवाज कधी न चढवणारा. त्याला पोरं हवी होती, तापीवर बंदुका घेऊन उभी राहणारी. उत्तर काठाशी पाण्यावरून भांडण काढायचं त्याच्या मनात होतं, पण आमची पोरं भरती होत नव्हती. समोर मामा राहत असेल तर बंदूक कोण धरणार? साहेबाने बाजारात पेटीभोवतीची गर्दी पाहिली आणि त्याला वाट सापडली. तो गोदामात आला आणि त्याने सांगितलं की या आखाजीला बार होईल, नदीवरच होईल, पलीकडच्या बायांना होडीने येऊ देऊ. फक्त पेटीत एक बदल करायचा. पलीकडचं बाकडं नेहमी हरलं पाहिजे. सगळ्यांच्या देखत, पुन्हा पुन्हा, म्हणजे पोरांना चेव येईल आणि ती भरती होतील. आणि गाणी नकोत, गोंगाट होतो.

बाई म्हणाल्या, "या यंत्राला आपली बाजू आणि परकी बाजू कळत नाही. मी ते त्याला शिकवणार नाही."

साहेबाने ठीक आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं रेशन बंद झालं आणि त्या आठवड्यात त्यांना गोदामात यायलाही बंदी झाली. त्या एका सकाळी तापी ओलांडून निघून गेल्या, कुणाच्या होडीने ते आजही सांगणार नाही. लोणखेड्याला त्यांनी पुढे मुलांना शिकवलं. पाटीवर त्यांचं नाव नाही. त्यांचं नाव त्या पाटीवर सगळ्यात वर पाहिजे.

मग साहेबाने मला बोलावलं. टेबलावर मिठाची मोठी पिशवी होती, घरटी मिळायच्या त्यापेक्षा कितीतरी मोठी. तो म्हणाला, काम झालं तर ही तुमच्या घरची, नाही झालं तर गावाचं या महिन्याचं मीठ थांबेल. मला विचार करायला वेळ दिला होता, मी तो घेतला नाही. गावाचं मीठ वाचवलं असं मी स्वतःला सांगितलं, पण पिशवी मी घरी नेली. मी एक जास्तीचा रिले बसवला. त्याने आमच्या बाजूचा उजेड किंचित वेगाने जायचा, डोळ्याला कळणार नाही पण हाताला सापडणार नाही इतका, आणि त्यांचा किंचित रेंगाळायचा. जिभांवरचं तिखट मी स्पिरिटने स्वच्छ पुसून काढलं. युसुफमामांनी पाहिलं. ते आपली हत्यारं पिशवीत भरून घरी गेले. त्या दिवशी आमच्याकडे डाळीला नीट मीठ होतं. वडिलांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि आत्याने ताट बाजूला सारलं. तिने विचारलं, मीठ कुठलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, रिलेसकट. ती उठून हात धुवायला गेली.

आखाजीच्या दुपारी काठावर दोन्ही गावं लोटली होती. इतक्या काळानंतर होड्या सुटल्या होत्या. मावशी आली, बहीण आली, तिची मुलं मी पहिल्यांदा पाहिली. आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे घरोघर झाले होते, बायांच्या अंगाला त्यांचा वास होता. वाळूत मांडव, मांडवात पेटी. साहेब खुर्चीत, मागे शिपाई, एका बाजूला भरतीचं टेबल. मी बॅटरीजवळ. साहेबाने खूण केली आणि आमच्या काठाच्या पहिल्या खेळाडूला बोलावलं. अर्थात रुखमाआत्या. ती डोक्यावरचा पदर सारखा करत आली, आमच्या बाकड्यापाशी पोचली, त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ चालत पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली. माझ्या मावशीच्या शेजारी.

साहेब म्हणाला, "बाई, तुमची जागा ही नाही. ती तिकडची बाजू आहे."

"माले माहीत शे," आत्या म्हणाली. "मी आज आठेच बठसू. मन्ही बाजू तुमीच सांभाळा."

मग आमच्या गावच्या बाया एकेक करून निघाल्या आणि पलीकडच्या बाकड्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. माझी आई गेली. घाईने नाही, जशा पंगतीत सरकून जागा करतात तशा. आमचं बाकडं रिकामं राहिलं. साहेबाने पोरांना बसायला सांगितलं. पण बाराला पुरुष बसत नाही, आणि समोर स्वतःची आई असताना तर मुळीच नाही. पोरं वाळूकडे बघत राहिली. शिपायाला सांगितलं तर तो म्हणाला, साहेब, समोर माझी सासू आहे. तेव्हा हशा पिकला. शेवटी साहेब स्वतः उठून रिकाम्या बाकड्यावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दांडी धरली. माझं काम चोख होतं. त्याचा उजेड गेला, आत्याचा हात चुकला, घंटा, लाल बत्ती. पुन्हा घंटा, पुन्हा लाल बत्ती. साहेबाच्या चेहऱ्यावर समाधान यायला लागलं. आणि आत्याने गाणं उचललं:

"साहेब जिकना, साहेब जिकना, बत्ती पेटनी लाल,
समोर शे त्यानी सासुरवाडी, मांगला बाकडाले इचार हाल."

म्हणजे साहेब जिंकला खरा, पण समोर सगळी सासुरवाडी आणि त्याच्या बाकड्यामागे कुणीच नाही. दोन्ही गावच्या बायांनी ते धरलं. घंटा वाजली की कडवं, पुन्हा घंटा की पुन्हा कडवं, आता जणू यंत्रच त्यांना ठेका देत होतं. आत्याने दांडीला हात लावणंही सोडलं, ती टाळी वाजवत गात होती. साहेब जिंकत होता आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. त्याला यमक येत नव्हतं, बोली येत नव्हती, आणि भोवतीच्या प्रत्येकाला, भरतीच्या टेबलाशी बसलेल्या कारकुनालासुद्धा, बाराचा नियम पाठ होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बंद कर ते." मी बंद केलं. दिवे गेले, घंटा थांबली. गाणं थांबलं नाही.

मग आत्या माझ्याकडे वळली. मागच्या बायांनी कडवं सोडलं, कारण आता नाव घेतलं जाणार हे सगळ्यांना कळलं.

"मोहन मन्हा भाचा, तारा जोडाले शिकना,
मिठनी पिशवी देखी, नि सोता बी इकना."

तार जोडायला शिकला आणि मिठाची पिशवी बघून स्वतःच विकला गेला. मला बोली येत होती, यमक येत होतं, लहानपणापासून तिच्याच मांडीवर शिकलो होतो. मी उत्तर दिलं नाही. मी बॅटरीच्या तारा गुंडाळत राहिलो.

भरतीच्या टेबलाशी त्या दिवशी कुणी गेलं नाही. कचेरीने गावाचं मीठ थांबवलं, ते पुढच्या पिकापर्यंत थांबलेलंच राहिलं, आणि मला हे मुद्दाम लिहायचं आहे की गावातल्या एकाही माणसाने त्याबद्दल आत्याला बोल लावला नाही. सगळे केळीची राख खात होते आणि ते कडवं म्हणत होते. गोदामाला कुलूप लागलं, पेट्या फोडल्या गेल्या, फक्त माझी ती आखाजीची पेटी कचेरीने जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने दोन पाट्या आंबे काढले. एक साहेबाकडे पाठवली, रीत म्हणजे रीत. त्याने ते आंबे विष तपासायला पाठवले म्हणतात. दुसरी पाटी तिने माझ्या खाटेशी ठेवली. ती म्हणाली, "खाय. पुढला साल उत्तर दे." मी आंबे खाल्ले. पुढच्या वर्षी बार झाला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी आत्या नव्हती.

साहेब गेला, कचेरी गेली, तापीवर पूल झाला. तो दिवस न पाहिलेले लोक विचारत आले की त्या दिवशी साहेबाला मूर्ख कुणी बनवलं, पेटीचं ज्ञान कुणाला होतं. युसुफमामा वारले होते, बाईंना पलीकडे जाऊन कुणी विचारलं नाही. मी नाही म्हटलं नाही. बाकीचं पाटीवर आहे.

तरीही मी हे लिहिलं नसतं, इतका मी कोडगा झालो होतो. पण मागच्या महिन्यात लोणखेड्याच्या कॉलेजातली एक मुलगी घरी आली. आज जो 'बार' हजारो पडद्यांवर खेळला जातो त्यात दक्षिणेचा दगड किंचित वेगाने जातो, असं तिला आढळलं होतं. तिने विचारलं, आजोबा, असं का? मला ताबडतोब कळलं. कचेरीत राहिलेली माझी पेटी हाच एक नमुना पुढच्यांना मिळाला, आणि ते तिचीच नक्कल करत आले. माझा रिले अजून चालू आहे. आणि गाणी काढून टाकलेली आहेत, ढोल घातलेत.

तिला मी तो रिले कुठे शोधायचा ते सांगितलं. ती म्हणाली, खेळभवनाचे लोक ऐकणार नाहीत, दक्षिणेकडचे खेळाडू जास्त आहेत. नको ऐकू देत. येत्या आखाजीला नव्या दालनाचं उद्घाटन आहे आणि प्रमुख पाहुणा मी आहे. मी येणार आहे. मला उत्तर द्यायचं राहिलेलं आहे, कडवं तयार आहे, आणि त्यात माझं नाव आहे, खेळभवनाचंही आहे. आवाज बसलाय, पण त्या मुलीच्या मैत्रिणी मागे धरतील म्हणाल्या आहेत. माझं बाकडं पलीकडच्या बाजूला मांडा.